खोली क्रमांक चौदामधली सरिता

९ जून २०२५, सोमवार

आज मला खिडकीवरून उठवलं. शिक्षा म्हणून नव्हे, सन्मान म्हणून, असं उपकुलसचिव देवळाणकर सर दोनदा म्हणाले. दोनदा म्हणाले म्हणून शंका आली.

आमच्या सातमाळा विद्यापीठाचं विद्यार्थ्यांसाठीचं जुनं संकेतस्थळ जाणार आणि नवं येणार. सोबत मोबाइलवरचं ॲपही. नाव ‘सोबती’. प्रवेश, वसतिगृह, ग्रंथालय, निकाल, सगळं त्यातच. पुण्याच्या कंपनीने मृण्मयी नावाची मुलगी पाठवली आहे. वय सव्वीस, केस कानापर्यंत, चहा बिनसाखरेचा. मी तिला नियम सांगायचे आणि तिने ते यंत्राला शिकवायचे. प्रवेश विभागाच्या तीन नंबरच्या खिडकीवर मी एकवीस वर्षं बसले, म्हणून हे काम माझ्याकडे.

दिवसभर नियम सांगितले. सही निळ्या शाईचीच. फोटोत दोन्ही कान दिसले पाहिजेत. गुणपत्रिका दोन्ही बाजूंनी. दुपारी मृण्मयीने विचारलं, “ताई, हे कुठल्या पुस्तकात आहे?”

“पुस्तकात कशाला? मी सांगते ना.”

“म्हणजे हे नियम केलेत कोणी?”

मी विचार करू लागले. कानांचा नियम माझा. दोन्ही बाजूंचाही माझाच. संध्याकाळपर्यंत लक्षात आलं की अर्धं विद्यापीठ माझ्या तोंडी कारभारावर चाललेलं आहे आणि हे कोणालाच माहीत नाही. मलासुद्धा नव्हतं. जरा घाबरले. खरं लिहायचं तर जरा बरंही वाटलं.

११ जून, बुधवार

आज सर्वांत कडक नियम सांगितला. प्रवेश असो की वसतिगृहातली जागा, सोडायची असेल तर विद्यार्थ्याने स्वतः, पालकाला घेऊन, समक्ष यायचं. तो समोर नसेल तर बापाची सही आणा, आमदाराची चिठ्ठी आणा, नाव काढायचं नाही.

“ताई, आता सगळं घरबसल्या होतं. लोक हसतील.”

“हसू देत.”

“पण एवढं कडक का?”

“एका मुलीचं नाव तिच्या काकाने कॉलेजातून परस्पर काढून आणलं होतं. तिला नंतर कळलं.”

“मग तिचं काय झालं?”

“काय होणार? लग्न झालं,” म्हटलं आणि रहिवासी दाखल्यांकडे वळले.

मृण्मयीने नियम घातला. म्हणाली, आता तो मलासुद्धा मोडता येणार नाही. तिच्याकडे मागचं दार असतं म्हणे, सगळ्या यंत्रांना असतं. तेही बंद करून घेतलं.

१३ जून, शुक्रवार

यंत्राची परीक्षा घ्यायला खोटे विद्यार्थी लागतात. मृण्मयीने चाळीस तयार केले. नावं काय तर ‘टेस्ट टेस्ट’, ‘अमुक तमुक’, एकाचं ‘चहा बिस्कीट’. सगळे पहिल्याच पायरीवर अडकले. कोणाला कान नाहीत, कोणाच्या गुणपत्रिकेला मागची बाजू नाही.

“ताई, तुमच्या नियमांतून खोटा माणूस जातच नाही. एक तरी खऱ्यासारखा द्या.”

म्हणून काल घरी ट्रंक उघडली होती. आज माझीच कागदपत्रं आणली. बारावीची गुणपत्रिका १९९७ ची, चौऱ्याहत्तर टक्के. शाळा सोडल्याचा दाखला. अठराव्या वर्षीचा फोटो, दोन्ही कान दिसतात, दोन्ही वेण्याही. नाव: सरिता कचरू निकाळजे, कन्नड. हे माझं लग्नाआधीचं नाव. सासरी आल्यावर सरिताची करुणा झाले. मग पगारे मॅडम झाले, पगारे गेल्यावरही तेच राहिलं. सरिता म्हणून हाक मारणारं आता कोणी उरलं नाही, तेव्हा ते नाव चाचणीला वापरलं तर कोणाचं काय जातं?

जन्मसाल १९७९ घातलं. यंत्राने हूं की चूं केलं नाही. वयाचा नियम सांगायला मी विसरले होते.

अडलं ते मोबाइल नंबरवर. माझा नंबर कर्मचाऱ्यांमध्ये नोंदलेला, तो चालेना. ग्रंथपाल राजेंद्र सर तिथं चहा पीत होते. म्हणाले, “माझा टाका. मुलीचाही तोच, पालकाचाही तोच. माझ्या फोनवर तसंही बँकेशिवाय कोणी काही पाठवत नाही.”

भला माणूस. पत्नी जाऊन सहा वर्षं झाली, मुलगी नाशिकला दिलेली. ग्रंथालय पार दुसऱ्या टोकाला आहे, पण त्यांना आमच्या विभागाचा चहा आवडतो. खरं तर आमचा चहा फार वाईट असतो.

१९ जून, गुरुवार

सरिताला बी.ए.च्या पहिल्या वर्षाला प्रवेश मिळाला! इतिहास, मराठी, भूगोल. निरोप राजेंद्र सरांच्या फोनवर आला. ते भर उन्हात मैदान ओलांडून आले, हातात पेढ्यांचा पुडा.

“अभिनंदन मॅडम. गुणवत्ता यादीत सातवी.”

“सर, यादीत बाकीची चाळीस चहा-बिस्किटं आहेत.”

“म्हणून काय झालं? स्पर्धा ती स्पर्धा.”

मृण्मयीने त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि गालातल्या गालात हसत तीन पेढे खाल्ले. पोरगी एकटी राहते, गोड मिळत नसेल.

२७ जून, शुक्रवार

ग्रंथालयाची चाचणी. सरिताच्या नावावर पुस्तक देऊन बघायचं होतं. मी म्हटलं, कुठलंही द्या. राजेंद्र सर म्हणाले, “कुठलंही कसं? मुलीला काय आवडतं ते बघून देतो ना मी.” पंधरा मिनिटं शिडीवर होते. वेरूळच्या लेण्यांवरचं चित्रांचं जाड पुस्तक काढलं, फडक्याने पुसून दिलं.

परत करण्याची चाचणी पुढच्या शुक्रवारी, तेव्हा पुस्तक माझ्याकडेच. कन्नडला जाता-येता वेरूळ किती वेळा लागलं, पण आत शेवटची शाळेच्या सहलीत गेले होते. घरी जाताना मुकुंदवाडीपर्यंत बसमध्ये वाचत गेले आणि एक थांबा पुढं उतरले.

पुस्तकात एका पानावर कागदाची पट्टी निघाली. ‘हे शिल्प सकाळी नऊच्या उन्हात बघावं. रविवारी गर्दी असते, मंगळवारी बंद.’ आधीच्या कोणी वाचकाने ठेवली असेल. अक्षर सरांच्या अक्षरासारखं आहे. ग्रंथालयात काम करणाऱ्या माणसांची अक्षरं एकसारखीच होत असावीत.

६ जुलै, रविवार

सम्यकचा बंगळुरूहून फोन. “आई, तू हल्ली फोनवर हसतेस.”

“नवं ॲप येतंय.”

“ॲपमुळं कोणी हसत नाही आई. मी बनवतो ना, मला माहितीय.”

१५ जुलै, मंगळवार

‘सोबती’चं उद्घाटन. तारीख संस्थापकांच्या वाढदिवसाची, त्यामुळे काम पूर्ण झालं की नाही हा प्रश्न कोणी विचारला नाही. देवळाणकर सर व्यासपीठावरून म्हणाले, “या प्रणालीत एकही बनावट नोंद नाही, शिरूच शकत नाही!” प्रचंड टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. अर्धे नियम माझे, मग अर्ध्या टाळ्या माझ्याच.

मृण्मयी मात्र टाळ्या वाजवत नव्हती. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

१६ जुलै, बुधवार

कळलं ते असं. घाईत चाचणीचं सगळं सामान जसंच्या तसं खऱ्या यंत्रात गेलं. मृण्मयीने चाळीस चहा-बिस्किटं पुसून टाकली, अर्धवट होती, लगेच निघाली. सरिता निघेना.

“ताई, तिची कागदपत्रं पूर्ण आहेत. यंत्र म्हणतं, ही अस्सल विद्यार्थिनी आहे. काढायची तर तिला पालकासह समक्ष घेऊन या.”

“हा कुठला मूर्ख नियम?”

मृण्मयीने नियमाखालची अकरा जूनची तारीख दाखवली. मग मला आठवलं.

असू दे म्हटलं. एक मुलगी जास्त. कोणाचं काय खाते आहे?

२१ जुलै, सोमवार

खाते आहे.

उद्घाटन झालं, मी पुन्हा खिडकीवर. आज तिथं कडुबा नावाचे गृहस्थ आले. कन्नड ते वेरूळ जीप चालवतात. सोबत मुलगी मोनिका, बी.एस्सी.ला प्रवेश मिळालाय, बारावीला एकोणनव्वद टक्के. जीप समोर उभी, टपावर पोरीची लोखंडी पेटी बांधलेली.

“मॅडम, हे तुमचं सोबती म्हणतंय, वसतिगृह फुल. पोरगी यादीत पहिली हाय वाट बघणाऱ्यात. एक कॉट द्या, जमिनीवर झोपंल.”

“रोज येणं-जाणं...”

“प्रॅक्टिकल सहाला सुटतंय. चिकलठाण्याच्या पुढून कन्नडला पोरगी कधी पोचायची? बाहेर खोली घ्यायची नाय. हिची आई म्हणती, रेक्टरबाई असलेलं वसतिगृह, नाय तर शिक्षण बंद. आन घरात तिचंच चालतं.”

मोनिका हळूच म्हणाली, “आणि तुमचं काय चालतं बाबा?”

“माझी जीप चालती,” ते म्हणाले. पण हसले नाहीत. “एकतीस तारखेपर्यंत वाट बघतो मॅडम. वसतिगृहाचे प्रवेश तेव्हाच बंद व्हतेत ना? त्यानंतर पेटी घरी.”

मी यंत्रात मुलींच्या वसतिगृहाची यादी उघडली. शेवटची कॉट, खोली क्रमांक चौदा, खिडकीजवळची: सरिता कचरू निकाळजे.

ते गेल्यावर धावत ग्रंथालयात गेले. राजेंद्र सरांनी चष्मा वर केला. “अहो, मागच्या आठवड्यात निरोप आला, ‘खोली हवी का?’ मी ‘हो’ दाबलं. मला वाटलं चाचणीच चाललीय. शिवाय खिडकीजवळची मिळत होती.”

२३ जुलै, बुधवार

रात्रभर कॉट दिसत होती, खिडकीजवळची. सकाळी देवळाणकर सरांना सगळं सांगून टाकलं. काय व्हायचं ते होऊ दे.

“पगारे बाई, बनावट विद्यार्थिनी म्हणजे काय? उद्घाटनाला मी काय बोललो?”

“एकही बनावट नोंद नाही, असं.”

“टाळ्या पडल्या की नाही?”

“पडल्या सर.”

“मग आता काय, टाळ्या परत करायच्या?” ते उठून दार लावून आले. “बनावट म्हटलं की चौकशी समिती. समिती म्हटलं की तीन महिने. तोवर ती खोली सील. चालेल तुमच्या त्या कन्नडच्या मुलीला?”

“नाही चालणार.”

“म्हणून सांगतो, ही मुलगी खरी आहे. तुम्ही फक्त तिला शोधून काढा.”

बाहेर आल्यावर मृण्मयी म्हणाली, “ताई, मागचं दार असतं ना, तर एका मिनिटाचं काम होतं.” तिला रागवावं असं वाटलं, पण कशाबद्दल ते सुचेना.

२५ जुलै, शुक्रवार

वसतिगृहाच्या रेक्टर दमयंतीबाईंचा फोन. बावीस वर्षं त्या मुली सांभाळतात, एकही मुलगी हरवली नाही याचा त्यांना फार अभिमान.

“अगं करुणा, चौदा नंबरची पोरगी दहा दिवस झाले आलीच नाही! कपाटावर नाव, कॉटवर नाव आणि माणसाचा पत्ता नाही. पालकांना फोन केला तर ते गृहस्थ चाचरताहेत.”

“काय म्हणाले?”

“म्हणे, आजोळी गेलीय. कुठं? तर वेरूळला. मी म्हटलं आजीचं नाव सांगा, तर म्हणे आठवून सांगतो. आठवून! मला तर यात काळंबेरं दिसतंय. परवापर्यंत पोरगी दिसली नाही तर मी पोलिसांत जाते.”

ग्रंथालयात गेले तर राजेंद्र सर वर्तमानपत्राआड बसलेले. वर्तमानपत्र कालचं होतं.

“आजीचं नाव सारजाबाई सांगू का?” त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

“सर, तुम्ही काही सांगू नका.”

“मी घाबरलो हो. त्या बाईंनी एकदम विचारलं, मुलीची काळजी आहे की नाही तुम्हाला? मी म्हटलं, आहे. हे तेवढं खरं बोललो.”

दमयंतीबाईंना कसंबसं थोपवलं. बुधवारपर्यंत मुदत मिळाली.

२८ जुलै, सोमवार

कडुबा पुन्हा आले. पेटी अजून जीपच्या टपावरच. रोजच्या प्रवाशांनी विचारलं तर सांगतात म्हणे, पोरगी हुशार हाय, पेटी उतरवत नाय.

यादी ॲपवर सगळ्यांना दिसते, हे माझ्या ध्यानात नव्हतं. त्यांनी चौदा नंबरचं नाव वाचलं होतं.

“मॅडम, ती निकाळज्यांची पोर आमच्या कन्नडचीच निघाली. म्हणलं घरी जाऊन हात जोडतो, तुमची पोरगी राहत नाय तर जागा सोडा. तर घराला कुलूप. कचरू निकाळजे वारून लई वर्षं झाली म्हणत्यात. शेजारी एक केसरबाई हाय, पार वाकलेली. ती म्हणली, सरिता व्हय? लई हुशार पोर. कॉलेजात नाव घातलं व्हतं, तर चुलत्यानं परस्पर दाखला काढून आणला, ही मावशीकडं गेलेली तेव्हा. परत आली तर अंगणात मांडव.”

मी रजिस्टर सरळ केलं. ते सरळच होतं.

“पण मॅडम, ही तर जुनी गोष्ट झाली. मग चौदा नंबरात ही दुसरी सरिता कोण?”

“चौकशी चालू आहे,” म्हटलं.

मोनिका बाहेर जीपला टेकून उभी होती. हातात प्रॅक्टिकलची वही, आठवडाभराचं सगळं दुसऱ्या मुलींकडून उतरवलेलं. तिने मला विचारलं नाही, काय झालं म्हणून. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

केसरबाई अजून आहे म्हणजे. त्या वेळी मला पाटी भरून बोरं तिनेच दिली होती, रडू नको म्हणून. बोरं खात मी रडले होते. आज फार लिहीत नाही.

२९ जुलै, मंगळवार

दुपारी राजेंद्र सर चहाला आले. मृण्मयी, मी आणि ते, तिघं टेबलाभोवती.

“नियम काय म्हणतो?” सरांनी विचारलं.

“विद्यार्थिनी, पालकासह, समक्ष. मूळ कागदपत्रं घेऊन,” मृण्मयी म्हणाली.

“पालक तर मी आहे. फोनवरून तरी. कागदपत्रं मॅडमच्या ट्रंकेत आहेत. राहिली विद्यार्थिनी.”

“ती कुठून आणायची?” मी म्हटलं.

“मुकुंदवाडीहून. रोज दहाच्या बसने येते.”

मी म्हटलं, “कोण?”

मृण्मयीने कपाळावर हात मारला. सर कपातला चहा निरखत राहिले. मला समजायला मिनिटभर लागलं आणि समजल्यावर हसू आलं. हसताना डोळ्यांत पाणी कसं आलं, ते कळलं नाही. चहात आलं जास्त पडलं असेल.

३० जुलै, बुधवार

घडलं तसं लिहिते.

सकाळी अकराला वसतिगृहाच्या कार्यालयात गेले. जांभळी साडी नेसले होते. विद्यार्थिनीला शोभेल असं दुसरं काही कपाटात नव्हतं. सोबत राजेंद्र सर, इस्त्रीचा शर्ट, केस चापूनचोपून. पालकांच्या सभेला आल्यासारखे.

दमयंतीबाई म्हणाल्या, “बरं झालं आलीस. ती सरिता सापडली का?”

“सापडली. मीच ती.”

त्यांनी चष्मा लावला. मूळ दाखला बघितला, गुणपत्रिका उलटसुलट केली, मग फोटो माझ्या चेहऱ्याशेजारी धरला. बराच वेळ. मला तेव्हा खरंच परीक्षेला बसल्यासारखं वाटलं.

“कान तेच आहेत,” त्या म्हणाल्या. मग राजेंद्र सरांकडे वळल्या. “आणि तुम्ही ते आजोळवाले?”

“चूक झाली बाई.”

“आजीचं नाव आठवलं का?”

“नाही.”

“बसा.”

त्यांनी ॲप उघडलं. पडद्यावर माझाच नियम, माझ्याच शब्दांत: ‘विद्यार्थिनी समक्ष हजर आहे. तिला स्वतःला विचारा.’ खाली दोन चौकोन. एक, ‘खोली सोडायची आहे.’ दुसरा, ‘प्रवेश सोडायचा आहे.’

बाई म्हणाल्या, “दोन्हींवर खूण कर, म्हणजे सगळंच मिटलं.”

पहिल्यावर केली. लगेच केली, मोनिकाची पेटी डोळ्यांसमोर होती. दुसऱ्यावर बोट नेलं. सगळंच मिटवायला तर आले होते. पण समोर लिहिलेलं होतं, तिला स्वतःला विचारा. आणि विचारायला समोर दुसरं कोणीच नव्हतं.

“अगं, काय झालं?”

“बाई, दुसरं नको असेल तर?”

“मग तुझं नाव राहील. बी.ए. पहिलं वर्ष. शिकावं लागेल मग,” त्या मला धाक घातल्यासारख्या म्हणाल्या.

मी बोट मागं घेतलं.

राजेंद्र सर खिडकीबाहेर बघत होते. बाहेर बघण्यासारखं काही नाही, सायकल स्टँड आहे.

तिथून देवळाणकर सरांकडे. त्यांनी सगळं ऐकलं आणि खुर्चीत मागं रेलले. “म्हणजे नोंद खरीच होती!”

“हो सर.”

“मी म्हटलंच होतं!” मग एकदम गंभीर झाले. “नोकरी सांभाळून शिकायचं तर परवानगीचा अर्ज लागतो. निळ्या शाईत.” अर्ज तिथंच लिहिला, त्यांनी तिथंच मंजूर केला. कर्मचाऱ्यांना शुल्क माफ आहे. हा नियम छापील पुस्तकात आहे, माझा नाही. बी.ए.चे तास साडेसात ते साडेदहा, कार्यालय पावणेअकराला. कुठंही अडत नाही. कुठंतरी अडावं म्हणून मी बरंच शोधलं.

संध्याकाळी सम्यकला फोन करून सांगितलं. म्हणाला, “आई, गृहपाठ माझ्याकडून करून घ्यायचा नाही.”

१ ऑगस्ट, शुक्रवार

काल शेवटच्या दिवशी दुपारी चार वाजता मोनिकाच्या नावावर चौदा नंबरची जागा चढली. आज दुपारी कडुबा पेटी घेऊन हजर. टपावरून उतरवताना दोरीच्या गाठी सुटेनात, अकरा दिवसांत आवळून बसल्या होत्या. शेवटी कापल्या.

कॉटवरचं ‘सरिता निकाळजे’ लिहिलेलं कार्ड दमयंतीबाईंनी माझ्या हातात दिलं. मोनिकाने खिडकी उघडून बघितली, बंद केली, पुन्हा उघडली.

कडुबांनी विचारलं, “मॅडम, कोणाची जागा म्हणायची ही?”

“माझी.”

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. “तुमी? तुमी त्या...” त्यांनी हात जोडले. मग म्हणाले, “केसरबाईला सांगू का?”

“सांगा. म्हणावं, नाव पुन्हा घातलंय.”

आणि इथं सगळं संपायला हवं होतं, पण ‘सोबती’ने पुन्हा अडवलं. वसतिगृहात राहणाऱ्या मुलीला शहरातला स्थानिक पालक लागतो. हाही नियम माझाच. कडुबांचं शहरात कोणी नाही. ते म्हणाले, “मॅडम हायेत की.” मी आनंदाने माझं नाव घातलं. यंत्र म्हणालं, विद्यार्थिनी पालक होऊ शकत नाही.

घड्याळ बघितलं, साडेचार. पाच वाजेपर्यंत रकाना भरला नाही तर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला. कडुबा कापलेल्या दोरीचे तुकडे गोळा करायला लागले. मी राजेंद्र सरांना फोन केला. ते सात मिनिटांत आले, एरवी ग्रंथालयातून बारा मिनिटं लागतात. मोनिकाला भेटले, कडुबांना नमस्कार केला, आपला नंबर दिला. जागा पक्की झाली. पाचला अजून दहा मिनिटं होती.

दमयंतीबाई कागदांवर वाकून म्हणाल्या, “आता काय आहे, या दोन मुली, मोनिका आणि सरिता, दोघींच्या पालकाच्या रकान्यात एकच गृहस्थ. नात्याचा रकाना मात्र दोन्हीकडे कोरा. तेवढा भरा हो सर.”

राजेंद्र सरांनी खिशातून पेन काढलं. निळ्या शाईचं. मोनिकाच्या कागदावर ‘वडिलांचे स्नेही’ असं लिहिलं. कडुबांनी ते वाचून मान डोलावली. मग सरांनी माझा कागद घेतला, बराच वेळ धरला आणि पेनला टोपण लावलं.

“हा विचारून भरतो,” म्हणाले.

कोणाला विचारणार, ते काही बोलले नाहीत. वसतिगृहाचे नियम दमयंतीबाईंनाच पाठ, त्यांनाच विचारतील. मी त्यांना तसं सुचवलंही. तर बाई एकदम फाइल शोधायला कपाटात शिरल्या, कडुबा दोरी गुंडाळत बाहेर गेले आणि मोनिका तोंडाशी ओढणी धरून हसत बसली, पार लाल होईपर्यंत.

नव्या मुली पहिल्या दिवशी रडतात. ही हसते. टिकेल.